व्हाईस प्रेसिडेंट म्हणजे नक्की कोण?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एका पोराला प्रमोशन मिळालं. वय वर्षं एकोणतीस, पदनाम 'असिस्टंट व्हाईस प्रेसिडेंट'. त्याने संध्याकाळी सगळ्यांना वडापाव आणि जिलबी खिलवली. आईला फोन करून बातमी दिली तर ती माउली म्हणाली, "मग आता प्रेसिडेंट व्हायला किती वर्षं रे?" सगळे खो-खो हसले. मी जरा कमीच हसलो, कारण चार वर्षांपूर्वी मी 'व्हाईस प्रेसिडेंट' झालो तेव्हा माझ्या सासऱ्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते आणि मी त्यांना थांबवलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या ऑफिसात कोड लिहितो. आमच्या मजल्यावर डोळे मिटून खडा फेकला तर तो कुठल्यातरी व्हाईस प्रेसिडेंटलाच लागेल. माझ्या हाताखाली सहा माणसं आणि एक मनी प्लांट आहे. बँकांमध्ये हे असंच असतं. पद म्हणजे पगाराची पायरी, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला आपण कुणा मोठ्या माणसाशी बोलतोय असं वाटावं म्हणून दिलेलं बिरुद. नुसती हौस, त्याने कुणाचं काय बिघडतं, असं मीही समजायचो.

पण याच दोन शब्दांवर एका प्रोग्रामरचे काही दशलक्ष डॉलर अडकले होते. वकिलाचं बिल बँकेने भरायचं की त्याने स्वतः, हे या शब्दांच्या अर्थावर ठरणार होतं. अनेक वेगवेगळ्या कोर्टांचे उंबरे झिजवलेल्या माणसाची ही गोष्ट. या शनिवारी तीच सांगतो. थोडी लांब आहे, चहा करून घ्या.

माणसाचं नाव सर्गेई अलेनिकोव्ह. जन्माने रशियन, नव्वदच्या सुमाराला अमेरिकेत आलेला. मे २००७ मध्ये तो गोल्डमन सॅक्समध्ये लागला. काम हाय-फ्रिक्वेन्सी ट्रेडिंगचं, म्हणजे मिलिसेकंदांच्या हिशोबात शेअरची खरेदी-विक्री करणारी जी यंत्रणा असते, तिचा कोड लिहिण्याचं. पगार वर्षाला ४ लाख डॉलर. त्याच्या गटात पंचवीस प्रोग्रामर होते आणि त्यांच्यात सर्वात जास्त पगार त्याचा होता. पदनाम अर्थातच व्हाईस प्रेसिडेंट.

२००९ मध्ये शिकागोच्या टेझा टेक्नॉलॉजीज या नव्या कंपनीने त्याला दहा लाख डॉलरहून जास्त पगार आणि 'एक्झिक्युटिव्ह व्हाईस प्रेसिडेंट' हे पद देऊ केलं. त्याने राजीनामा दिला. गोल्डमनमधला शेवटचा दिवस होता ५ जून २००९. त्या दिवशी, निरोपाच्या पार्टीला जायच्या जरा आधी, त्याने पाच लाख ओळींहून जास्त सोर्स कोड एन्क्रिप्ट करून जर्मनीतल्या एका सर्व्हरवर चढवला. मग एन्क्रिप्शनचा प्रोग्राम उडवला आणि कमांड हिस्टरीही पुसली. त्याचं म्हणणं असं की यात बराच ओपन सोर्स कोड होता आणि त्याला तोच हवा होता. हिस्टरी पुसायची तर सवयच, कारण तिच्यात पासवर्ड दिसतात.

इथे आपल्यापैकी बरेच जण खुर्चीत जरा सावरून बसले असतील. स्वतःच लिहिलेली एखादी स्क्रिप्ट कधीच घरच्या मेलवर पाठवली नाही, असं छातीठोक सांगणारा प्रोग्रामर मला अजून भेटायचा आहे. अर्थात एक स्क्रिप्ट आणि पाच लाख ओळी यांत फरक आहे, आणि सर्गेईने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. कंपनीचे नियम त्याला माहीत होते.

२ जुलैला तो लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन टेझाच्या लोकांना भेटायला शिकागोला गेला. ३ जुलैला परतला तर न्यूअर्क विमानतळावर एफबीआयवाले उभे.

डिसेंबर २०१० मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं आणि मार्च २०११ मध्ये ९७ महिन्यांची शिक्षा झाली, म्हणजे आठ वर्षं आणि वर एक महिना. अपिलाची सुनावणी १६ फेब्रुवारी २०१२ ला झाली आणि अपील कोर्टाने त्याच दिवशी शिक्षा रद्द करून त्याला मोकळं केलं. सविस्तर निकालपत्र एप्रिलमध्ये आलं. त्याचा गाभा असा: चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा जो जुना कायदा आहे तो हाताला लागणाऱ्या वस्तूंचा, आणि कोड ही तशी वस्तू नव्हे. व्यापारी गुपितांचा १९९६ चा जो कायदा आहे, त्यात गुपित बाजारात जाणाऱ्या मालाशी निगडित असावं लागतं. गोल्डमनची यंत्रणा तर कुणाला विकायची नव्हतीच, ती घरातल्या घरात वापरायची होती. (हा निकाल अमेरिकन संसदेला इतका लागला की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी कायद्याची ती ओळच बदलून टाकली.) सर्गेई तोवर जवळजवळ एक वर्ष तुरुंगात काढून बसला होता.

सुटला, पण संपलं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांनी त्याच कृत्यासाठी न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली नवीन आरोप लावले. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. तिकडे केंद्राचा कायदा वेगळा, राज्याचा वेगळा, त्यामुळे चालतं म्हणे.

आता पैशांचं. एक पूर्ण फौजदारी खटला, एक अपील, आणि पुढे दुसरा खटला उभा. तिकडच्या वकिलांचे तासाचे दर पाहिले तर आपल्याला घेरी येते. बिल दशलक्षांत गेलं होतं आणि माणूस बेकार होता. तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये त्याच्या वकिलांनी गोल्डमनवरच दावा लावला: माझ्या बचावाचा खर्च तुम्ही द्या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. ज्याच्या घरात चोरी केल्याचा आरोप, त्यालाच जाऊन सांगायचं की माझ्या वकिलाची फी भर. पण जरा खोलात गेलो आणि हसू ओसरलं.

कंपनीने माणसाच्या वकिलाचा खर्च का द्यावा, याला एक जुना इतिहास आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'न्यूयॉर्क डॉक कंपनी'चा एक खटला गाजला. भागधारकांनी संचालकांवर दावा लावला होता आणि संचालक तो जिंकले होते. त्यांनी कंपनीकडे वकिलाचा खर्च मागितला. कोर्ट म्हणालं, नाही मिळणार. तुम्ही जिंकलात याने कंपनीचा काय फायदा झाला? म्हणजे निर्दोष सुटूनही खिसा तुमचाच रिकामा. यावर धनिक मंडळींमध्ये अशी काही घबराट पसरली की न्यूयॉर्कने १९४१ मध्ये आणि डेलावेअरने १९४३ मध्ये कायदे करून टाकले. डेलावेअर हे छोटंसं राज्य, पण अमेरिकेतल्या बड्या कंपन्या कागदोपत्री तिथल्याच असतात, गोल्डमनसुद्धा. १९६७ मध्ये डेलावेअरने आपला कंपनी कायदा नव्याने लिहिला आणि त्यात कलम १४५ आलं. आजचा सगळा खेळ या कलमावर चालतो.

कलम १४५ मध्ये चार प्रकारची माणसं आहेत: संचालक, अधिकारी, कर्मचारी आणि एजंट. चौघांचाही खर्च कंपनी देऊ शकते, अट इतकीच की माणूस सद्भावनेने आणि कंपनीच्या हिताचं समजून वागलेला असावा. पण 'देऊ शकते' आणि 'द्यावाच लागेल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खटला जिंकल्यावर खर्च द्यावाच लागेल असा हक्क कायदा फक्त पहिल्या दोघांना देतो. कर्मचारी आणि एजंट, म्हणजे तुम्ही-आम्ही, कंपनीच्या मर्जीवर. कंपनीला वाटलं तर ती स्वतःच्या नियमावलीत 'देऊ शकते'चं 'देईलच' करू शकते, आणि चांगली माणसं यावीत म्हणून मोठ्या कंपन्या वरच्या लोकांसाठी तसं करतातही.

आणखी एक बारकावा, तो फार महत्त्वाचा आहे. यात दोन वेगळे हक्क आहेत. एक, खटला संपल्यावर झालेला खर्च भरून देणं. दुसरा, खटला चालू असतानाच आगाऊ पैसे देत जाणं. दुसऱ्यात अधिकाऱ्याकडून एक हमीपत्र घेतात: शेवटी मी या पैशांना पात्र नव्हतो असं ठरलं तर परत करीन. झालं. तो दोषी आहे का, चोर आहे का, कंपनी त्याच्यावर किती चिडली आहे, हे प्रश्न त्या घडीला विचारायचेच नसतात. कारण उघड आहे. आरोप झाला त्याच दिवशी कंपनीला तोंड फिरवायची मुभा असेल, तर या हक्काला काडीचा अर्थ उरत नाही. ज्याला गरज पडते त्याच्यावर कुणीतरी चिडलेलं असतंच की.

उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. रजत गुप्ता. कोलकात्यात जन्मलेले, मॅकिन्झीचे माजी प्रमुख, गोल्डमनचे संचालक. सप्टेंबर २००८ मध्ये वॉरन बफेंची बर्कशायर हॅथवे गोल्डमनमध्ये ५ अब्ज डॉलर घालणार हे संचालकांच्या बैठकीत ठरलं, आणि बैठकीचा फोन ठेवल्या ठेवल्या गुप्तांनी राज राजरत्नमला फोन लावला. जून २०१२ मध्ये ते दोषी ठरले, दोन वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात पीडित कोण? गोल्डमन. आणि गुप्तांच्या बचावाचे कोट्यवधी डॉलर खटला चालू असताना कोण देत होतं? तेही गोल्डमन! 'संचालक' या शब्दाच्या अर्थाबद्दल शंकाच नव्हती, तेव्हा नियमावलीप्रमाणे पैसे सुटले. दोषी ठरल्यावर परतफेडीचा प्रश्न आला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यायाधीशांनी गुप्तांना गोल्डमनच्या स्वतःच्या कायदेशीर खर्चापोटी ६२ लाख डॉलर भरायला सांगितले, तो भाग वेगळा. पण लढायच्या वेळी त्यांच्या हातात पैसा होता.

म्हणजे बैठकीतलं गुपित बाहेर फोडणाऱ्या संचालकाला आगाऊ खर्च मिळाला. सर्गेईने तोच मागितला तेव्हा बँक म्हणाली, तू अधिकारी नव्हेस.

"पण मी व्हाईस प्रेसिडेंट होतो!"

हो, पण आमच्याकडे व्हाईस प्रेसिडेंट हजारोंनी आहेत.

बँकेचा युक्तिवाद थोडक्यात हा एवढाच. ती नियमावलीही वाचण्यासारखी आहे. सर्गेई ज्या उपकंपनीत होता, ती गोल्डमन सॅक्स अँड कंपनी, तेव्हा कॉर्पोरेशन नव्हती, न्यूयॉर्कमधली मर्यादित भागीदारी होती. अशा संस्थेत 'अधिकारी' कोण, तर नियमावली सांगते की अधिकारी म्हणजे त्या संस्थेचा अधिकारी, आणि शिवाय त्यासारख्या पदावर काम करणारा किंवा त्या संस्थेचा व्यवस्थापक. आता बोला. हे म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची आणि थांबायची अट लिहायचीच विसरायची. कोड रिव्ह्यूमध्ये मी असलं काही मंजूर केलं असतं तर मला फाडून खाल्लं असतं. जगातल्या सर्वात महागड्या वकिलांच्या हाताखालून हे कसं सुटलं देव जाणे. किंवा सुटलं नसेलही, त्याबद्दल पुढे.

पहिला निकाल न्यू जर्सीत लागला. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायाधीश केविन मॅकनल्टींनी कोश उघडून पाहिले, व्हाईस प्रेसिडेंट हा साध्या अर्थाने अधिकारीच असतो असं धरलं, आणि राज्याच्या खटल्यासाठीचा आगाऊ खर्च बँकेने द्यावा असा आदेश दिला. जुन्या, म्हणजे केंद्राच्या खटल्याच्या खर्चाचा निर्णय मात्र त्यांनी आणखी पुरावा येईपर्यंत पुढे ढकलला. सर्गेईच्या घरी त्या दिवशी काहीतरी गोडधोड झालं असावं.

सप्टेंबर २०१४ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी तो आदेश उडवला. त्यांचं म्हणणं, शब्द संदिग्ध आहे. बँकिंगच्या धंद्यात तो कसा वापरतात याचा पुरावा बघावा लागेल. इथवर मला पटतं. खरंच संदिग्ध आहे, मी स्वतःच त्याचा चालता-बोलता पुरावा आहे. पण पुढची पायरी बघा. करारांच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: कागदात संदिग्धता असेल तर ज्याने कागद लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा. न्याय्य तत्त्व आहे, कारण स्पष्ट लिहिणं त्याच्याच हातात होतं. कोर्ट म्हणालं, हे तत्त्व इथे चालणार नाही. माणूस या कराराचा हक्कदार आहे हे नक्की असेल, आणि त्याला नेमकं किती मिळायचं याबद्दल संदिग्धता असेल, तर ते वापरता येतं. माणूस करारात आहे की नाही, हाच प्रश्न असेल तर नाही.

तर्क चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. पण परिणाम काय होतो पाहा. नियमावली जितकी धूसर, तितकी ती लिहिणाऱ्याची सोय. ज्यांच्या बाबतीत धूसर आहे ते दाराबाहेर उभे, आणि दार उघडायचं की नाही ते आतला ठरवणार.

आणि आतला ठरवतही होताच. फॅब्रिस तूरचं प्रकरण आठवत असेल, स्वतःला 'फॅब्युलस फॅब' म्हणवून घेणारा. २००७ मध्ये घरकर्जांवर बेतलेला एक कर्जरोखा त्याने गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारला. त्याबद्दल एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने गोल्डमनवर आणि त्याच्यावर दावा लावला. गोल्डमनने जुलैमध्ये ५५ कोटी डॉलर भरून आपली सुटका करून घेतली. तूर एकटा लढला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सातपैकी सहा मुद्द्यांवर हरला. त्याच्या वकिलांचा खर्च गोल्डमनने केला. आणि २००७ मध्ये तूरचं पद काय होतं? व्हाईस प्रेसिडेंट.

याला बेकायदा म्हणता येणार नाही. 'देऊ शकते' या सदरात बँक कुणालाही देऊ शकते. तूरच्या बचावात बँकेचीही अब्रू गुंतलेली होती, सर्गेई तर तिच्या तक्रारीवरूनच आत गेला होता. दोघांचं पद तेच, पण पैसे द्यायचे की नाही हे बँकेच्या बाजूने आहेस की विरुद्ध यावरून. मला वाटतं, या प्रकरणात सर्वात बोचणारी गोष्ट हीच आहे. खर्च देणं हे जर मर्जीवर असेल तर तो हक्क उरत नाही, तो लगाम होतो.

हा लगाम सरकारच्याही हातात जाऊ शकतो, आणि गेलाही होता. थोडं मागे जाऊ. जानेवारी २००३ मध्ये, एनरॉनच्या राड्यानंतर, अमेरिकन न्याय खात्याने एक परिपत्रक काढलं. कंपनीवर आरोप ठेवायचे की नाही हे ठरवताना सरकारी वकिलांनी जे मुद्दे बघायचे, त्यात एक होता: कंपनी आपल्या दोषी वाटणाऱ्या माणसांच्या वकिलाची फी भरते आहे का? म्हणजे भरत असेल तर ती सहकार्य करत नाही असं समजता येईल! केपीएमजी ही ऑडिट कंपनी तेव्हा करबुडव्या योजनांवरून अडचणीत होती, आणि त्या योजनांत बँकाही होत्या. केपीएमजीची जुनी रीत होती की माणसाच्या वकिलाचा खर्च बिनतक्रार द्यायचा. तिने ती मोडली. आधी माणशी ४ लाख डॉलरची मर्यादा घातली, सरकारला सहकार्य करण्याची अट लावली, आणि आरोपपत्र दाखल झालं की पैसे बंद. जून २००६ मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी सरकारला खडसावलं की हे घटनेने दिलेल्या वकिलाच्या हक्कावर अतिक्रमण आहे. २००७ मध्ये त्यांनी तेरा आरोपींवरचा खटलाच काढून टाकला आणि ऑगस्ट २००८ मध्ये अपील कोर्टाने ते उचलून धरलं. न्याय खात्याने त्याच महिन्यात आपले नियम बदलले. वकिलाची फी हा किरकोळ हिशोबाचा मुद्दा वाटतो, पण ती कापली की माणूस लढायचंच सोडतो, हे सरकारला बरोबर कळलं होतं.

असो. सर्गेईकडे परत येऊ.

राज्याचा खटला एप्रिल २०१५ मध्ये उभा राहिला. त्यात ज्यूरीच्या खोलीत एक विलक्षण प्रकार घडला: एका ज्यूरीबाईंनी दुसऱ्या ज्यूरीवर आरोप केला की यांनी माझ्या अव्होकाडो सँडविचमध्ये काहीतरी मिसळलंय! दोघांनाही घरी पाठवलं आणि उरलेल्या दहा जणांवर खटला पुरा झाला. (हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.) एका आरोपात दोषी, एकात निर्दोष, एकावर एकमत नाही. जुलैमध्ये न्यायाधीशांनी दोषी ठरवलेला आरोपही रद्द केला. २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने तो परत लावला, आणि मे २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने शिक्कामोर्तब केलं: हार्ड डिस्कवर उतरलेला कोड जागा व्यापतो, म्हणून ती मूर्त प्रत आहे. केंद्राच्या कायद्यात कोड वस्तू नव्हता, राज्याच्या कायद्यात झाला. प्रोग्रामर म्हणून माझं मत विचाराल तर दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर वाटतात, आणि ते वाटणंच मला अस्वस्थ करतं.

या सगळ्या काळात फीचा दावाही चालूच होता. तो आता डेलावेअरला पोचला होता, न्यायाधीश ट्रॅव्हिस लॅस्टर यांच्यापुढे. २०१६ मध्ये पुरावा झाला. बँकेने सांगितलं की आमच्या उपकंपनीत खरे अधिकारी लेखी ठरावाने नेमले जातात आणि सर्गेईच्या नावाचा असा ठराव नाही. सर्गेईच्या बाजूने पदनाम होतंच, आणि आजवर कुणाकुणाला पैसे दिले गेले त्याचा इतिहासही होता. जुलै २०१६ मध्ये निकाल आला. लॅस्टर यांच्या मते हे पद खरोखर संदिग्ध आहे आणि पुराव्यानेही ती संदिग्धता फिटत नाही. अशा वेळी कागद लिहिणाऱ्याच्या विरुद्ध अर्थ लावायचं ते तत्त्व कामी आलं असतं आणि सर्गेई जिंकला असता. पण ते तत्त्व लागू नाही असं अपील कोर्टाने याच दोन पक्षकारांमध्ये आधीच ठरवून टाकलेलं. तो मुद्दा पुन्हा उकरता येत नाही. मग सिद्ध करायचं ओझं सर्गेईवर, आणि पारडी समसमान राहिली की ज्याच्यावर ओझं तो हरतो. गोल्डमन जिंकली.

२०२० मध्ये डेलावेअरने कलम १४५ मध्ये दुरुस्ती केली. जिंकल्यावर खर्च मिळण्याच्या कायद्याने दिलेल्या हक्कापुरता 'अधिकारी' कोण, ते आता ठरलेलं आहे: अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, मुख्य वित्त अधिकारी अशी वरची ठरावीक मंडळी. ही व्याख्या २०२० नंतरच्या कृत्यांना लागू. संदिग्धता गेली, म्हणजे दार स्पष्टपणे बंद झालं.

आपल्याकडे काय, असं एका मित्राने विचारलं म्हणून दोन संध्याकाळी त्यात घातल्या. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम २०१ होतं. अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंवा विश्वासघाताची जबाबदारी कंपनी उचलेल असा कुठलाही करार त्याने रद्दबातल ठरायचा. अपवाद एक: खटल्यात अधिकारी जिंकला किंवा निर्दोष सुटला, तर बचावाचा खर्च कंपनी देऊ शकते. म्हणजे आधी लढा, जिंका, मग बघू. २०१३ च्या नव्या कायद्यात हे कलम घेतलेलं नाही, आणि आता हा विषय बहुतेक कंपनीची नियमावली आणि विमा यांच्यावर सोडलेला दिसतो.

खरी गंमत मात्र १८७२ च्या करार कायद्यात आहे, एजंटांच्या प्रकरणात. कलम २२२: मालकाच्या सांगण्यावरून केलेल्या कायदेशीर कामाचे जे परिणाम एजंटाला भोगावे लागतील ते मालकाने भरून द्यायचे. त्याखाली उदाहरण आहे सिंगापूरच्या 'ब' चं. कलकत्त्याच्या 'अ' च्या सांगण्यावरून त्याने माल द्यायचा करार केला, 'अ' ने माल पाठवलाच नाही, 'ब' वर दावा झाला, 'अ' म्हणाला लढ. 'ब' लढला आणि हरला. दंड, कोर्टखर्च, वकील, सगळं 'अ' ने द्यायचं. किती स्वच्छ! आणि कलम २२४ मध्ये उलट बाजू. 'अ' ने 'ब' ला सांगितलं की 'क' ला बडव, जे होईल ते मी बघून घेतो. 'ब' ने बडवला आणि 'क' ला भरपाई द्यावी लागली. 'अ' काही देणं लागत नाही. हे थेट कायद्याच्या पुस्तकातलं उदाहरण आहे, बरं का. सुपारी घेणाऱ्यांना १८७२ मध्येच लेखी सूचना देऊन ठेवलेली. कर्जवसुलीला माणसं पाठवणाऱ्या बँका आणि ती माणसं, दोघांनीही हे पान फ्रेम करून लावायला हरकत नाही.

पण या जुन्या कायद्यातही सर्गेईचं उत्तर नाही. त्याने कोड कुणाच्या सांगण्यावरून नेला नव्हता. आणि माझ्यासारख्याचं उत्तर अर्धंच आहे. मी लिहिलेल्या कोडमुळे उद्या कुणाचे पैसे बुडाले, परदेशातल्या एखाद्या नियामकाने नावानिशी नोटीस पाठवली, तर मी सांगितलेलं काम केलं होतं की स्वतःची अक्कल चालवली होती, हे कोण ठरवणार? आणि ते ठरेपर्यंत वकील कोणाच्या पैशाने उभा राहणार?

रविवारी सकाळी माळ्यावरून फाइल काढून माझं नियुक्तीपत्र पहिल्यांदा नीट वाचलं. एकोणीस पानं. गुप्ततेवर चार, कोडच्या मालकीवर दोन, आणि माझ्या चुकीमुळे बँकेचं नुकसान झालं तर मी ते कसं भरून द्यायचं यावर सव्वा पान. उलट दिशेने एक ओळ सापडली: बँकेच्या 'लागू असलेल्या धोरणानुसार पात्र अधिकाऱ्यांना' कायदेशीर साहाय्य मिळेल. पात्र कोण, ते त्या धोरणात. धोरण अमेरिकेतल्या मुख्य कंपनीचं, आणि आमच्या इंट्रानेटवर त्या दुव्यावर गेलं की 'आपल्याला हे पान पाहण्याची परवानगी नाही' असं येतं.

सोमवारी एचआरला मेल टाकली. सरळ दोनच प्रश्न विचारले: ते धोरण मला वाचायला मिळेल का, आणि त्यात मी अधिकारी आहे का? सही करताना पदनाम आपोआप उमटलं, ते तसंच राहू दिलं. काल उत्तर आलं की आपला प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवला आहे. पुढचं काही कळलं तर इथे लिहीन. तोवर तुमच्या पत्रात काय लिहिलंय ते बघून ठेवा, आणि कुणाला त्यात साधा स्पष्ट शब्द सापडला असेल तर मला जरूर कळवा.